सातबारा शोधू नका, खसरा काढा

(परसवाडा इथं तरुण मुलामुलींसमोर केलेलं भाषण. बोलणं जसं झालं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



आज भाषेवर बोलायचं नाही असं ठरवून आलो आहे. आज घरावर बोलायचं. भाषा मधे येणारच आहे, पण ती कुठून येते ते तुम्हालाच दिसेल.

तुमच्यातले बरेच जण गोंदियाला, नागपूरला, पुण्याला कामाला जाऊन आलात. चार पैसे गाठीला आहेत. आता गावात दोन खोल्या बांधायच्या, वर स्लॅब टाकायचा, आईबाबांना कवेलूच्या गळक्या छपराखालून बाहेर काढायचं. चांगली गोष्ट आहे. आणि मग मला फोन येतो. बहुतेक वेळा प्रश्न हाच असतो : "भाऊ, माह्या घराले एनए करा लागते का?"

आता हा प्रश्नच सांगतो की माहिती कुठून घेतली. मोबाईलवर मराठीत शोधलं, पुण्या-नाशिकच्या कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला, त्यात सातबारा, एनए, गुंठेवारी, तुकडेबंदी, तलाठी, गावठाण असं सगळं ऐकलं. त्या माणसानं खोटं काही सांगितलं नाही. पण ते सगळं बाघ आणि बावनथडी नदीच्या पलीकडचं आहे. परसवाड्याच्या तहसील ऑफिसात जाऊन "सातबारा द्या" म्हणालात तर समोरचा बाबू तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. तुमच्या घरात कुठली भाषा बोलतात हे जमिनीच्या कायद्याला कळत नाही. जमीन ज्या राज्यात, कायदा त्या राज्याचा.

आणि गंमत बघा, हे नेहमी असं नव्हतं. १९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा, म्हणजे आताचा गोंदियाही त्यातच, एकाच राज्यात होते. राजधानी नागपूर. त्या राज्याच्या राज्यभाषा दोन, हिंदी आणि मराठी. मालगुजारी इकडे होती तशीच तिकडे होती. गावातली घराची जागा मालगुजाराच्या हाताखाली. तो म्हणाला "बांध इथं", की आजोबानं कुडाची भिंत उभी केली. कागद कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. इकडे मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ आली, तिकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६. तेव्हापासून मामाच्या गावचा नियम वेगळा आणि आपल्या गावचा वेगळा. आजोबाच्या घराला कागद का नाही, याचं उत्तर पुष्कळदा या इतिहासात सापडतं, आजोबाच्या अडाणीपणात नाही.

तेव्हा आधी शब्द सरळ करून घेऊ. तुम्ही ज्याला सातबारा म्हणता त्याच्या जागी इथं खसरा, आणि खात्याचा उतारा म्हणजे बी-१. सोबत नक्शा. हे तीन एकत्र काढायचे, एकटा खसरा घेऊन धावायचं नाही. तलाठी म्हणजे पटवारी. फेरफार म्हणजे नामांतरण. मोजणी म्हणजे सीमांकन. वाटप म्हणजे बंटवारा. तुमचं एनए म्हणजे इथं डायवर्शन, कागदावर 'व्यपवर्तन'. मालकाला इथं 'भूमिस्वामी' म्हणतात. गावठाण म्हणजे आबादी. मराठीत आपण 'आबादीआबाद' म्हणतो ना, तसला अर्थ इथं नाही. इथं आबादी म्हणजे गावात घरं बांधण्यासाठी राखलेली जमीन, बस. मापाचंही तसंच. गुंठा इथं कुणी मोजत नाही, डिसमिल मोजतात. एकराचे चाळीस गुंठे आणि शंभर डिसमिल. म्हणजे एक गुंठा अडीच डिसमिल. एक डिसमिल सुमारे ४३५ चौरस फूट. 'दोन गुंठे' समजून दोन डिसमिलचे पैसे मोजणारा माणूस अर्ध्याहून जास्त जमीन हवेत विकत घेतो.

आता घर. विटा, सिमेंट, मिस्त्री हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच : ज्या जागेवर पाया खोदणार ती जागा कुठल्या जातीची आहे? माणसाची जात नाही विचारत, जमिनीची विचारतो. (थांबा, पुढं माणसाचीही विचारावी लागणार आहे. ते येतंच.)

समजा आबादीत आहे. सगळ्यात सोपं प्रकरण. संहितेच्या कलम २४६ प्रमाणे आबादीतली घराची जागा जो कायदेशीर धरून आहे तो तिचा भूमिस्वामी असतो. कलम २४५ त्याच्या जोडीला आहे : त्या गावात जमीन कसणारा, शेतमजूर किंवा शेतीवर जगणारा कारागीर असेल तर आबादीतल्या वाजवी आकाराच्या घराच्या जागेवर भू-राजस्व लागत नाही. म्हणजे कायदा वाईट नाही. अडचण पुराव्याची होती. आबादीचा अख्खा तुकडा नक्शात एकाच नंबरात दिसायचा, आत कुणाचं घर कुठून कुठपर्यंत हे कुठंच लिहिलेलं नसायचं. भाऊ भावाशी भांडला की दोघांकडेही दाखवायला काही नाही.

ही अडचण भरून काढायला २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोन उडवून आबादीचा नकाशा काढतात आणि घरानुसार कागद देतात. महाराष्ट्रात त्या कागदाला सनद म्हणतात, उत्तर प्रदेशात घरौनी, आपल्याकडे 'अधिकार अभिलेख'. १८ जानेवारी २०२५ ला देशभर एकाच दिवशी ६५ लाखांहून जास्त असे कागद वाटल्याचा कार्यक्रम झाला, त्यात मध्य प्रदेशही होता. कागद मिळाला म्हणून फोटो काढून स्टेटसला लावता. लावा. पण आधी तो वाचा. नाव बरोबर आहे का? वडील वारले असतील तर सगळ्या वारसांचं नाव आहे का, की जो त्या दिवशी घरी होता त्याचंच लागलं? मागचं आंगण, गोठा, विहिरीकडे जायची वाट आत घेतली का? ड्रोन येण्याआधी गावात चुन्यानं रेषा मारतात. त्या दिवशी घरातले सगळे नागपूरला कामावर, आणि रेषा शेजाऱ्यानं दाखवली, असं व्हायला वेळ लागत नाही. आक्षेप घ्यायची मुदत दिलेली असते. ती तोंडी नाही, लिहून वापरायची आणि पोच घ्यायची.

एक गैरसमज इथंच मोडून टाकतो. पंचायतीची घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नाही. विजेचं बिल म्हणजे मालकी नाही. २००३ च्या वीज कायद्यात जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांनाही कनेक्शन मागता येतं, त्यामुळे बिलावर नाव आहे याचा अर्थ तुम्ही तिथं राहता एवढाच. राहत असल्याचा पुरावा म्हणून या पावत्या जपून ठेवा, त्या कामाच्या आहेत. पण बँकवाला किंवा कोर्ट त्यावर तुम्हाला मालक मानेल या भरवशावर पाया खोदू नका.

आणि आबादीत जागा असली तरी पंचायतीची परवानगी लागते. मध्य प्रदेश पंचायत राज एवं ग्राम स्वराज अधिनियम १९९३ चं कलम ५५. नवं बांधकाम, जुन्यात वाढ, पाडून पुन्हा बांधणं, तिन्हीला. "सरपंच आपलाच आहे, काही बोलत नाही" हे मला दर गावात ऐकू येतं. सरपंच पाच वर्षांचा, घर पन्नास वर्षांचं. एक अर्ज, सोबत हातानं काढलेला का होईना नकाशा, सचिवाची सही-शिक्का असलेली पोच. एवढ्यानं पुढची दहा भांडणं वाचतात.

आता दुसरं. गावात जागा उरली नाही, तीन भाऊ आहेत, म्हणून रस्त्याच्या कडेला स्वतःच्या शेतात घर बांधायचं. हे आजकाल सगळीकडे चाललं आहे. शेती करण्याच्या सोयीसाठी शेतात जी कोठी, छप्पर उभारता त्याला संहिता शेतीचा 'सुधार' मानते. पण शेत सोडून ती जागा राहण्यासाठी वापरायची तर डायवर्शन. पूर्वी यासाठी एसडीएमकडे अर्ज, मग पटवाऱ्याचा अहवाल, मग तारखा, मग चहापाणी. २०१८ मध्ये संहितेत मोठी दुरुस्ती झाली आणि जुनं कलम १७२ काढून टाकलं. आता कलम ५९ खाली भूमिस्वामीनं स्वतः हिशोब करायचा, प्रीमियम आणि बदललेलं भू-राजस्व भरायचं आणि एसडीएमला लेखी कळवायचं. भरल्याची पावती हाच पुरावा. हिशोब चुकला असेल तर अधिकारी तपासू शकतात, पण 'परवानगी काढून देतो, पंधरा हजार द्या' म्हणणारा दलाल तुम्हाला जी गोष्ट विकतो आहे ती कायद्यानं तुमच्याच हातात दिली आहे. हे कुणी मराठीत सांगत नाही, कारण मराठीत सांगणारे सगळे तिकडचे. तिकडे महाराष्ट्रात कलम ४२-ड खाली गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळी सवलत दिली गेली. ती सवलत ऐकून इथं कुणी 'गावापासून दोनशे मीटरच्या आत आहे, काही करायची गरज नाही' म्हणून बसू नका. ती इथं लागू नाही.

पण डायवर्शनच्याही आधी एक गोष्ट. ते शेत तुमच्या एकट्याचं आहे का? बी-१ काढा. पुष्कळ वेळा त्यावर अजून आजोबाचं नाव असतं, किंवा बाप, दोन काका आणि आत्या असं सामाईक खातं असतं. सामाईक खात्यावर आपल्या पैशानं घर बांधणं म्हणजे आपली भिंत सगळ्यांच्या जमिनीवर उभी करणं. आधी नामांतरण, मग बंटवारा, मग पाया. वडील हयात असतील तर कलम १७८-क खाली ते स्वतःच तहसीलदाराकडे अर्ज करून वारसांत वाटणी करून देऊ शकतात. वडिलांना हे सांगायला अवघड जातं, मला माहीत आहे. त्यांना वाटतं पोरगं मरायची वाट बघतं. तरी सांगा. आणि बहिणीचं नाव गाळू नका. २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते पुन्हा पक्कं केलं. हा कायदा अनुसूचित जमातींना सरळ लागू नाही, हेही खरं. पण जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मुलीच्या वारसांना बरोबरीचा वाटा दिला. तेव्हा "आमच्यात पोरीले देत नाही" हे वाक्य आता दोन्हीकडे जपून वापरा.

आता तिसरं, आणि इथं मी जास्त वेळ घेणार आहे.

परसवाडा हा आदिवासी विकासखंड आहे. बैहर, बिरसा आणि आपण. आपल्या शेजारी गोंड आहेत, बैगा आहेत. आणि आपल्यातलाच कुणीतरी येऊन सांगतो, "रस्त्यावर दहा डिसमिल आहे, फार स्वस्त, स्टॅम्पवर लिहून देतो." स्वस्त का आहे? कारण विकणारा आदिवासी आहे आणि घेणारा नाही.

संहितेचं कलम १६५, पोटकलम ६. हे एक कलम पाठ करा. सरकारनं अधिसूचित केलेल्या आदिवासीबहुल क्षेत्रात आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊच शकत नाही. तिथं परवानगीचा रस्ताच ठेवलेला नाही. बाकी क्षेत्रात कलेक्टरची परवानगी लागते, त्याच्या खालच्या अधिकाऱ्याची चालत नाही. आणि हे फक्त विक्रीपुरतं नाही. "दहा वर्षांचा करार करू", "गहाण लिहून घेऊ", "आपल्याकडे कामाला असलेल्या गोंड गड्याच्या नावानं घेऊ, घर आपण बांधू" असे जे मार्ग चहाच्या टपरीवर सांगतात, ते मार्ग नाहीत, खड्डे आहेत. शेवटच्यात तर बेनामी व्यवहाराचा कायदाही गळ्यात पडतो. कलम १७०-ख त्याच्या पुढचं आहे. आदिवासीची जमीन फसवून घेतली असेल तर ती चौकशी करून परत द्यायची तरतूद. अनुसूचित क्षेत्रात तर हे पाहण्याचा अधिकार ग्रामसभेलाही आहे. वर बांधलेलं घर बघून कायदा पाघळत नाही.

बरं, स्टॅम्पवरच्या इकरारनाम्याचं काय? कुणाच्याही जमिनीबद्दल ऐका, आदिवासी असो नसो. शंभर रुपयांवरची अचल संपत्ती नोंदणी केलेल्या विक्रीपत्रानंच विकली जाते. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं की नुसता करार आणि मुखत्यारपत्र यांनी मालकी येत नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर पाच साक्षीदार आणि लाल शिक्का असला तरी तो कागद तुम्हाला मालक करत नाही.

मला माहीत आहे, इथं बसलेल्यांपैकी काहींना हे कलम जाचक वाटतं. "आम्ही इथंच जन्मलो, आम्हाला घराला जागा नाही मिळत." मी याच्यावर माझं मत सांगतो, पटो न पटो. आपण सीमेवरची माणसं. बहुसंख्यांच्या राज्यात थोड्यांचा हक्क कसा गिळला जातो हे आपल्याइतकं कुणाला कळतं? शाळेत मराठी शिक्षक मागताना आपण जे बोलतो तेच गोंड आणि बैगा माणूस जमिनीबद्दल बोलतो आहे. आपल्या हक्काचा अर्ज एका हातात आणि त्याच्या जमिनीचा स्टॅम्प दुसऱ्या हातात, हे मला जमत नाही. तुम्हाला जागा हवी तर बिगर-आदिवासीची नोंदणीकृत घ्या, किंवा आबादी वाढवून मागा. हो, तीही तरतूद आहे. कलम २४३ प्रमाणे आबादी कमी पडत असेल तर कलेक्टर गावातल्या दखलरहित जमिनीतून आणखी जागा आबादीसाठी राखू शकतो. ग्रामसभेत ठराव घ्या, किती कुटुंबांना घर नाही त्याची यादी जोडा आणि पाठवा. हे काम वीस पोरांनी मिळून केलं तर होतं. एकट्यानं गुपचूप स्टॅम्प करण्यापेक्षा कठीण आहे, पण पाया पक्का लागतो.

याच्याच शेजारी आणखी एक सापळा आहे. सरकारनं कुणाला पट्ट्यानं दिलेली जमीन. तो माणूस तुमच्याच समाजाचा असेल, तरी कलम १६५ (७-ख) प्रमाणे कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. खसऱ्यात शेवटच्या रकान्यात, कैफियतीत, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका. जमीन बघायला जाताना लोक रस्ता बघतात, पाणी बघतात, वास्तू बघतात. कैफियत कुणी बघत नाही.

चौथी जमीन जंगलाची. कान्हाच्या बाजूला, घाटात, वनग्रामात ज्यांची घरं आहेत त्यांच्यासाठी २००६ चा वनाधिकार कायदा. लोकांना वाटतं तो फक्त शेताचा. नाही. त्यात राहण्याच्या जागेचाही हक्क आहे. अट अशी की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा हवा. आदिवासी नसाल तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि तिथं जुने कागद लागतात. हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं, वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. आणि कलम ४ (५) लक्षात ठेवा : दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत राहत्या जागेवरून काढता येत नाही. २००५ नंतर तोडून बांधलेलं असेल तर मात्र या कायद्याचा आधार नाही. तिथं मी खोटी आशा देणार नाही.

योजनांचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला बरंच माहीत आहे. प्रधानमंत्री आवासचं घर किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसह. मदत मैदानी भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि कठीण भागात १ लाख ३० हजार. पैसे हप्त्यानं थेट खात्यात येतात आणि योजनेत ठेकेदार लावायला मनाई आहे. घर तुम्ही स्वतः बांधायचं. तेव्हा गावात कुणी 'सगळ्यांची घरं मीच बांधतो' म्हणत खात्यातला पैसा उचलून मागत असेल तर तो नियम मोडतो आहे. बैगा कुटुंबांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन अभियानात २ लाखांची मदत आहे. शेजारच्या बैगा टोल्यात हे माहीत नसेल तर जाऊन सांगा. आणि ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांच्यासाठी राज्याची २०२१ ची मुख्यमंत्री आवासीय भू-अधिकार योजना. जास्तीत जास्त ६० चौरस मीटरचा भूखंड, म्हणजे दीड डिसमिलच्या आतबाहेर. पाच एकरांपेक्षा जास्त जमीन असेल तर नाव लावू नका, उगाच खऱ्या गरजवंताचा नंबर मागे जातो.

बांधकामाची एकच गोष्ट सांगतो, कारण तिनं माणसं मरतात. डोक्यावरून ११ केव्हीची तार जात असेल तर घराच्या भिंतीपासून आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि छतापासून उभं ३.७ मीटर सोडायचं आहे. आज एक मजला बांधता, उद्या स्लॅबवर चढून लोखंडी सळई उभी करता. तार हलवायची तर बांधण्याआधी वीज कंपनीला अर्ज द्या.

आणि समजा नोटीस आलीच. घर अतिक्रमणात आहे म्हणून. पहिलं, घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका. तहसीलदार कलम २४८ खाली कारवाई करतो, त्यात तुम्हाला उत्तर द्यायची संधी असते. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं बुलडोझर प्रकरणात देशभरासाठी नियम घालून दिले : पाडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस, म्हणणं ऐकणं, कारणांसह आदेश. पण रस्ता, रेल्वेमार्गाची कड, नदी, तलाव अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही, हे त्याच निकालात आहे. व्हॉट्सअॅपवर अर्धाच निकाल फिरतो.

आता शेवटी भाषा. म्हटलं होतं ना येईल.

इथला सगळा कारभार हिंदीत. तुम्हाला हिंदी बोलता येते, पण तहसीलची हिंदी वेगळी. 'दखलरहित', 'व्यपवर्तन', 'प्रत्यावर्तन', 'हल्का', 'रकबा', 'काबिज'. आई-बाबांच्या पिढीनं या शब्दांना घाबरूनच सही केली किंवा अंगठा दिला. संविधानाचा अनुच्छेद ३५० सांगतो की तक्रार दूर करून मागण्यासाठी कोणत्याही अधिकाऱ्याला संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. म्हणजे मराठीत दिलेलं निवेदन "हिंदी में लाओ" म्हणून परत करता येत नाही. काम लवकर व्हावं म्हणून सोबत हिंदी प्रत जोडा, मी पण जोडतो. पण अधिकार आहे हे माहीत असू द्या.

घरात १९५६ च्या आधीचे, मालगुजाराच्या काळातले मराठी कागद असतील तर पेटीत कुजवू नका. वंश, ताबा, रहिवास, सगळ्याला ते पुरावा ठरू शकतात. नीट स्कॅन करा आणि हिंदी भाषांतर करून मूळ कागदासोबत ठेवा. गावातल्या ज्या आजोबांना ती जुनी अक्षरं लागतात, त्यांच्याजवळ बसून या दिवाळीत वाचून घ्या.

सीमांकन, नामांतरण, नकलांसाठी तहसीलच्या ओट्यावर बसून राहू नका. मध्य प्रदेशचा २०१० चा लोकसेवा गॅरंटी कायदा आहे. लोकसेवा केंद्रात अर्ज दिला की पावतीवर तारीख मिळते, आणि विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५ हजार दंड होऊ शकतो. दंड होवो न होवो, ती तारीख दाखवून बोलता येतं. नाहीच झालं तर १८१ वर तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. "समस्या हल हो गई" असा मेसेज आला आणि काम झालं नसेल तर तक्रार बंद करायला हो म्हणू नका. फोन करून गोड बोलतात, पोरं लगेच हो म्हणतात.

बोलणं बरंच झालं. ज्यांनी खसरा, बी-१ आणलं आहे त्यांनी इकडं टेबलाजवळ या, एकेक करून कैफियत वाचू. नुसतं घरपट्टीची पावती आणलेल्यांनी खसरा नंबर शोधून ठेवा, तो पुढच्या वेळी लागणार आहे. आणि ते मागे बसलेले दोघं, ज्यांनी सकाळी मला 'दहा डिसमिल'बद्दल विचारलं, तुम्ही बयाणा दिला नसेल तर आधी तुम्ही या.